फिल्मच्या डब्याची आतली बाजू

सिनेमाशी माझा संबंध आला तो पत्र्याच्या बाजूने. पडद्यावर कोण कोणाच्या मागे धावतं आहे यापेक्षा ती फिल्म ज्या डब्यातून आली त्या डब्याला गंज धरला आहे का, रंगाला पोपडे आले आहेत का, हे बघण्यात माझी उमर गेली. टॉकीजमध्ये मी फुकटात पुष्कळ सिनेमे पाहिले, पण खरं सांगतो, त्यातले फार थोडे आठवतात. डबे मात्र आठवतात.

नागपुरात, महाल भागातल्या एका गल्लीत आमचं दुकान होतं. 'निकेल, क्रोम व रंगकाम' अशी पाटी. मोतीराम टाकीचा माणूस, म्हणजे धातूवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवणारा. मी बफवर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर घासणारा, रंग मारणारा, अक्षरं काढणारा. आम्ही एका शाळेतून एकाच वर्षी बाहेर पडलो होतो, पास न होता. सायकलींची हँडलं, दवाखान्यांचे ट्रे, दारांच्या कड्या, असं काय काय यायचं. पण साठच्या दशकात दुकान चाललं ते फिल्मच्या डब्यांवर. सीताबर्डीवर वितरकांची ऑफिसं होती. तिथून सिनेमे साऱ्या विदर्भात जायचे. फिल्मचं एकेक रीळ पत्र्याच्या गोल डब्यात, ते डबे लोखंडी पेटीत, आणि पेटी रेल्वेच्या पार्सलमध्ये नाहीतर एस.टी.च्या टपावर. गावोगाव फिरून पेटी परत आली की कुस्ती हरलेल्या पैलवानासारखी दिसायची. पोचे ठोकायचे, गंज खरवडायचा, लाल प्रायमर मारायचा, वर करडा रंग, आणि त्यावर सिनेमाचं नाव. हे रोजचं काम. यात नाव कमावण्यासारखं काही नव्हतं.

नाव कमावलं ते ज्युबिलीच्या डब्यांनी. एखादा सिनेमा आठवड्यांमागून आठवडे चालला, की वितरक टॉकीजच्या मालकाला आठवण म्हणून एक झगझगीत डबा भेट द्यायचे. आकार फिल्मच्याच डब्याचा, पण पितळी पत्र्याचा, वर निकेल, झाकणावर सिनेमाचं नाव कोरलेलं. आत कधी त्या सिनेमाचा एखादा तुकडा, पुष्कळदा काहीच नाही. मालक तो काचेच्या कपाटात ठेवायचा. पुढे हौशी लोकही असले डबे जमवू लागले. जरीपटक्याचे एक कापडवाले शेठ होते, त्यांना आम्ही पाठीमागे डब्बाशेठ म्हणायचो. ते मोडीतून जुने डबे उचलून आणायचे आणि त्यांना वेगवेगळे मुलामे मागायचे. एकाला आरसा, एकाला तांबूस, एकाला असा काळपट करून द्या की तो शंभर वर्षांचा वाटला पाहिजे. मोतीराम गंधकाचं पाणी लावून नवं पितळ अर्ध्या तासात म्हातारं करून द्यायचा. शेठ प्रत्येक डबा कानाशी धरून बोटाने वाजवून बघत. फिल्म मात्र त्यांनी कधी मागितली नाही. ती तर सगळ्यांनी पाहिलेली असते, असं त्यांचं म्हणणं.

या कामाबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. त्यांना वाटतं, मुलामा दिला की खालचे दोष झाकले जातात. उलट आहे. निकेलचा थर कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही पातळ असतो आणि तो खालचं सगळं जसंच्या तसं दाखवतो, किंबहुना वाढवून दाखवतो. म्हणून सारी मेहनत आधीची. वस्तू बफवर धरून घासायची, उकळत्या कॉस्टिकमध्ये तिचं तेल काढायचं, तेजाबात बुडवून धुवायची, आणि मग हात न लावता तांब्याच्या तारेला टांगून टाकीत सोडायची. एक बोट लागलं तरी तेवढ्या जागेवरचा मुलामा पुढे सुटतो. निकेलचा रंग थोडा दुधाळ, ऊबदार. त्याच्यावर क्रोम दिलं की निळसर थंड झाक येते. क्रोम टिकतं जास्त, पण त्याच्या टाकीतून वाफ उठते ती माणसाला खाते. मोतीरामच्या बोटांना बरी न होणारी भोकं पडली होती. नाकातला पडदा आतून झिजत झिजत गेला आणि त्याबरोबर वास कळणंही गेलं. घरात दूध करपलं तरी त्याला पत्ता नसायचा. तो याचं हसू करायचा. बायकोची भाजी आता रोजच चांगली लागते, म्हणायचा. डॉक्टरने टाकीपासून दूर राहायला सांगितलं होतं. टाकीपासून दूर राहून मोतीरामने काय करायचं, हे डॉक्टरला विचारायचं राहून गेलं.

खाप्याच्या बाबारावांशी आमची गाठ पडली ती पेट्यांमुळेच. त्यांची टूरिंग टॉकीज होती. खापा, सावनेर, आसपासचे बाजार, जत्रा, जिथे माणसं जमतील तिथे तंबू ठोकायचा आणि सिनेमा दाखवायचा. उंच, सडपातळ माणूस, धोतरावर कोट, बोलणं अगदी हळू. सिनेमाच्या धंद्यातला माणूस इतका हळू बोलतो याचं मला नवल वाटायचं. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई तंबूत बायकांच्या बाजूला तिकिटं फाडायच्या. त्यांना एकच मुलगी, कुसुम.

कन्हान नदीवर एकदा माहितीपट काढणारी मंडळी आली होती. त्यांचा छायाचित्रकार काही दिवस बाबारावांच्या घरी उतरला, अनसूयाबाईंच्या हातचं जेवला. जाताना उरलेल्या फिल्मवर त्याने खाप्याचा बाजार, नदीचा घाट, मोठमोठे हातमाग, आणि घरची माणसं टिपली. पुढे मुंबईहून त्याचं रीळ तयार करून भेट म्हणून पाठवलं. मुकं, काळं-पांढरं, सात-आठ मिनिटांचं. बाबाराव ते प्रत्येक खेळाच्या आधी दाखवायचे. गावोगावच्या लोकांना मुख्य सिनेमापेक्षा त्याचंच अप्रूप. आपल्यासारखी माणसं पडद्यावर येतात, याचं. त्यात कुसुम होती, पंधरा-सोळा वर्षांची, घाटाच्या पायऱ्या चढून येणारी.

कुसुमचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणात ती सासरीच वारली. मूलही राहिलं नाही. तिचा फोटो म्हणाल तर लग्नातला एक, त्यात मुंडावळ्यांमुळे चेहरा धड दिसत नव्हता. बाकी ती फक्त त्या रिळात होती.

त्यानंतर बाबाराव आमच्याकडे आले ते रीळ ठेवायला डबा करून घ्यायला. ज्युबिलीचे डबे त्यांनी टॉकीजवाल्यांकडे पाहिले होते. तसाच हवा, पण आत ना धूळ शिरली पाहिजे, ना नदीकाठची ओल. तांबट आळीतून जाड पितळेचा डबा घडवून आणला. झाकणाच्या कडेला रबराची रिंग बसवली, झाकण दाबलं की आतली हवा सुद्धा हलणार नाही इतकं घट्ट. मोतीरामने आतून-बाहेरून निकेल चढवलं. क्रोम नको असं बाबारावांनीच सांगितलं होतं, तो रंग त्यांना थंड वाटला. मी त्याला असं बफ केलं की सांगायची सोय नाही. मी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. झाकणात बघून माणसाने भांग पाडावा.

डबा न्यायला दोघं नवराबायको आले. अनसूयाबाईंनी तो मांडीवर घेतला, खाली पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं. मला वाटलं काही चूक राहिली. मग त्या मोतीरामला म्हणाल्या, "भाऊ, याच्यात तं मले माह्यंच तोंड दिसून राहिलं. मले माह्यं कायले पाहाचं?"

मोतीरामने डबा त्यांच्या हातातून घेतला. बारीक झाव्याची पूड आणि पाणी लावून, तारेच्या मऊ ब्रशने, एकाच दिशेने, तो माझी सारी चकाकी उतरवत बसला. आरसा गेला. धुक्यातून आल्यासारखी मऊ, मंद पांढरी झाक आली, तिच्यात काहीच दिसत नव्हतं. वर लाखेचा पातळ हात दिला. अनसूयाबाईंनी त्यावरून तळवा फिरवला आणि मान हलवली. मला माझ्या मेहनतीचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण ते बरोबर होतं.

रीळ त्या डब्यात गेलं. लोकांना दाखवणं बाबारावांनी बंद केलं. वर्षातून एकदा, कुसुमच्या तिथीला, तंबू रिकामा असताना ते एकटे मशीन लावायचे आणि समोर अनसूयाबाई बसायच्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

मग दिवस फिरले. टूरिंग टॉकीज बसल्या. गावात कायमची टॉकीज झाली, मग व्हिडिओ आला. बाबारावांनी तंबू विकला, नंतर मशीनही विकलं. डबा घरात राहिला, माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली. आमच्याही दुकानात फिल्मचे डबे येईनासे झाले. वितरकांनी ऑफिसं आवरती घेतली, आणि डब्बाशेठचा मुलगा एक दिवस सगळे डबे मोडीत घालण्यासाठी भाव विचारायला आला. मोतीराम तोवर दोन पावलं चालला की थांबायचा. खोकला सुरू झाला की पाठीला हात लावून उभं राहण्यापलीकडे मला काही करता येत नसे.

अशात एका सकाळी बाबाराव आणि अनसूयाबाई दारात उभे राहिले. सोबत कापडी पिशवीत तो डबा. दोघंही म्हातारे झाले होते, पण चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली घाई होती. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की जुन्या फिल्मची व्हिडिओ कॅसेट करता येते. महालातल्याच एका टॉकीजचा ऑपरेटर पहिल्या खेळाआधी रीळ पडद्यावर चालवायला तयार झाला होता, आणि व्हिडिओवाला ते समोरून टिपणार होता. मग कॅसेट घरी नेऊन केव्हाही बघता येणार होती. शेजाऱ्याकडे टीव्ही होता. अडचण एवढीच की डब्याचं झाकण निघत नव्हतं. कितीतरी वर्षांत उघडलंच नव्हतं. ठोकलं तर डबा खराब होईल, म्हणून आधी आमच्याकडे आणला.

त्यांनी डबा फळीवर ठेवला तेव्हाच मला तो वास आला. आंबट, शिरक्यासारखा. पण आमच्या दुकानात तेजाबाचा वास भिंतींनाच बसलेला, म्हणून पहिल्यांदा मी मनावर घेतलं नाही. डबा हातात घेतला. बाहेरून मोतीरामचं काम अजून सुरेख होतं. मात्र झाकणाच्या फटीत सगळीकडून हिरवी पपडी बाहेर आली होती, आणि वास तिथूनच येत होता. बाहेरचा गंज बाहेरून सुरू होतो. हा आतून आला होता.

मी मोतीरामकडे पाहिलं. त्याला काहीच कळलं नव्हतं. त्याने फटीत रॉकेल सोडलं, गरम पाण्याचं फडकं कडेला गुंडाळलं आणि लाकडी हातोडीने हलके हलके ठोकू लागला. मधेच दम घ्यायला थांबायचा आणि अनसूयाबाईंना धीर द्यायचा. "काही होत नाही वयनी. झाकण धरलं हाये, बस. निकेल आपलं हाये, आतून जसंच्या तसं असन." त्या मान हलवत होत्या. त्या मोतीरामला टॉकीजचा रस्ता विचारत होत्या, पायी किती लागेल म्हणून. मी तिथेच उभा होतो. बोलायला तोंड उघडावं तर काय बोलायचं? हात थांबवावा तर कशासाठी? झाकण आज ना उद्या उघडणारच होतं.

झाकण निघालं तेव्हा वासाने डोळ्यांत पाणी आलं. बाबाराव दोन पावलं मागे सरले. आतलं निकेल फोडांनी भरलं होतं, सुटलेल्या पापुद्र्यांखाली पितळ हिरवंनिळं झालं होतं. आणि मधे रीळ होतं. त्याचे वेढे एकमेकांना चिकटून एकच तपकिरी वडी झाली होती, वरून पांढरी भुकटी आलेली, कडा पापडासारख्या वाकलेल्या. बाबारावांनी आयुष्यभर फिल्म हाताळली होती. त्यांनी टोक शोधलं, नखाने सोडवलं आणि अगदी हळू ओढलं. वीतभर फिल्म आली आणि मोडली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. चित्राचा थर सालीसारखा सुटून त्यांच्या बोटाला लागला. त्यांनी पुन्हा टोक शोधलं. ते पुन्हा मोडलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात लावला नाही.

अनसूयाबाईंनी मला विचारलं, "भाऊ, हे पुसून निघन का?"

त्यांनी आमच्या दुकानात काळी पडलेली भांडी पांढरी होताना पाहिली होती, गंजलेल्या पेट्या नव्या होताना पाहिल्या होत्या. त्यांचा प्रश्न काही वेडा नव्हता. मी म्हणालो, "नाही निघत, वहिनी."

मोतीराम डब्याची आतली बाजू बोटाने चाचपत होता. मग त्याने डबा नाकाशी नेला, सवयीने, आणि माझ्याकडे पाहिलं. वास येतो आहे, अशी मी मान हलवली. तेव्हा तो खाली बसला.

बाबारावांनी कोणावर ठपका ठेवला नाही. हे काहून झालं, एवढंच विचारलं. मी माझ्या परीने सांगितलं की हे तेजाब आमच्या टाकीतलं नाही, फिल्ममधूनच सुटलं आहे, त्यानेच निकेल खाल्लं आहे. त्यांनी विचारलं की झाकण सैल असतं, हवा लागली असती, तर वाचली असती का. मला माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. पुढे एका वितरकाकडच्या जुन्या माणसाला मी मुद्दाम हे विचारलं. तो म्हणाला, आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, ती फिल्म तशीही गेलीच असती. घट्ट डब्यात थोडी लवकर गेली असेल, वाफ बाहेर पडायला वाव नसतो म्हणून. निगेटिव्हचीही मी चौकशी केली. छायाचित्रकार वारला होता आणि त्याच्या सामानाचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी टॉकीजवर निरोप मीच जाऊन सांगितला. परत आलो तर दोघं अजून बसलेली होती, मोतीरामने चहा मागवला होता आणि तो तसाच होता. मोतीरामने ते रीळ कधी पाहिलं नव्हतं, म्हणून अनसूयाबाई त्याला ते सांगत होत्या. आधी बाजार येते, मिरच्यांची पोती, मग माग, मग नदी. मग पायऱ्यांवरून कुसुम येते, कमरेवर पाण्याचा गुंड, आणि वर पाहिलं की तिला कॅमेरा दिसतो. तशी ती पदर तोंडाशी नेते आणि मग हसते.

बाबाराव म्हणाले, "आधी हासते. मंग पदर घेते."

"नाही हो. पदर आधी. हासणं पदरातूनच दिसते, डोयातून."

"म्या हज्जारदा चालवलं वं ते. आधी हासते."

दोघंही आवाज न चढवता बोलत होती. दोघांनाही खात्री होती. रीळ तिथेच फळीवर पडलं होतं आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. मोतीराम एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. शेवटी बाबाराव उठले, एस.टी.ची वेळ झाली म्हणाले. रीळ अनसूयाबाईंनी आपल्या पिशवीत घातलं. डबा त्यांनी नेला नाही.

मोतीराम त्या पावसाळ्यात गेला. टाक्या मी काढून टाकल्या. त्यातलं पाणी ओतायचं कुठे, हाच प्रश्न होता. ते जिथे जाईल तिथलं गवत जळतं. दुकानात मी पुढे काही वर्षं नुसतं रंगकाम केलं, दुकानांच्या पाट्या वगैरे. पोटापुरतं.

बाबाराव त्यानंतर एकदाच आले, एकटे, मोतीरामचं कळलं म्हणून. काही काम नव्हतं. बाकावर बसले, दोघांनी चहा घेतला. मी अनसूयाबाईंची चौकशी केली. तब्येत बरी आहे म्हणाले. मग बराच वेळ गल्लीतल्या सायकलरिक्षांकडे बघत राहिले.

"वसंतराव," ते म्हणाले, "कुसुमची माय आता म्हणते का पोरगी आधी हासलीच होती. तुमचंच बरोबर होतं म्हणते."

मी म्हणालो, आठवलं असेल त्यांना.

"नाही गा. माह्यासाठी म्हणते. माह्या मनाले बरं वाटलं पाह्यजे म्हणून." त्यांनी कप खाली ठेवला. "पण गोष्ट अशी हाये, का म्या बी मनात तिचंच धरलं होतं. म्हटलं, माय हाये, तिलेच ठाऊक असन. रोज तसंच पाहाचो. आधी पदर, मंग हासणं. आता मले खरंच दुसरं दिसत नाही. अन् म्हणता म्हणता तिले बी आता माह्यंच दिसते."

ते उठले, टोपी नीट केली.

"म्हंजे ज्याचं त्याले जे दिसलं होतं," ते म्हणाले, "ते आता दोघायपाशीही नाही."

मी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेलो. रिक्षा मिळाली, ते चढून बसले आणि गेले.